जुनी १६१३ घाटात जीव सोडते : इंजिन खोलायच्या आधी काय काय बघू?

कोयनाकाठ | २६ सप्टेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातला. आमच्याकडे २००६ ची टाटा १६१३ आहे, सहाचाकी ट्रक, टाटाचंच ६९७ टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा). आबांनी नवी घेतली होती, गेली नऊ वर्षं मी चालवतो. धंदा मुख्यतः जांभ्या चिऱ्याचा. चिपळूणकडून चिरा भरायचा, कुंभार्ली घाट चढून पाटण, मल्हारपेठ, कऱ्हाड, कधी साताऱ्यापर्यंत पोचवायचा. पावसाळ्यात खाणी बंद, म्हणून जून ते सप्टेंबर गाडी घरामागे उभी असते.

दुखणं असं आहे. पोफळी सोडून घाट लागला की पूर्वी भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर पंचवीसच्या आसपास चढायची. आता दुसऱ्यावर पण धरत नाही. वळणावर पहिला टाकावाच लागतो आणि काटा दहाच्या वर सरकत नाही. मागे एसटी आणि मोटारींची रांग लागते, जीव कानकोंडा होतो. रिकामी गाडी मात्र बरी पळते. उभ्या गाडीत रेस दिली तर इंजिन झरझर वर जातं. एका सेल्फात चालू होते, ऑइल खात नाही, पाणी तापत नाही.

एप्रिलमध्ये एका गॅरेजला दाखवली. त्यांनी इंजिनात डिझेल मोजून सोडणाऱ्या पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून दिलं. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता पावसाळ्यानंतर एक खेप करून पाहिली तर आणखीच वाईट. दुसऱ्या गॅरेजवाल्याने नुसती रेस ऐकून सांगितलं, इंजिन बसलंय, लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन नवे टाका, सव्वादोन लाखांची तयारी ठेवा.

पैसे घालायला ना नाही. आबांची गाडी आहे, विकायची नाही. पण हंगाम तोंडावर आलाय आणि एवढा खर्च करून दुखणं तिथंच राहिलं तर काय करायचं? इंजिन खोलायच्या आधी मी स्वतः काय काय तपासू शकतो, क्रमाने सांगा.

घाटवाट | २६ सप्टेंबर, रात्री १०.३०

दादा, आधी दोन गोष्टी बघा, दोन्हीला पाना लागत नाही.

एक, क्लच. चढावर वरच्या गिअरला असताना एकदम पाय दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तिथंच राहिला तर प्लेट घसरतेय. जळका वास पण येतो.

दोन, ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्याने चालवा, शक्यतो ब्रेक न लावता थांबवा आणि चारी हबजवळ हात न्या. चिकटवू नका, भाजेल. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथं ब्रेकचा लायनर ड्रमला धरून बसलाय. चार महिने पावसात उभी गाडी म्हणजे ब्रेकचा कॅम गंजून आखडणं नेहमीचंच. इंजिन ओढतंय आणि ब्रेक मागे खेचतोय, असली गाडी मी दोन वर्षं चालवलीय.

निवृत्त_फिटर | २७ सप्टेंबर, सकाळी ६.१५

कोयनाकाठ, एवढं सगळं लिहिलंत पण मुख्य गोष्ट राहिली. घाटात पूर्ण पाय दाबलेला असताना सायलेन्सरमधून धूर कसला येतो? काळा, पांढरा, निळा, की काहीच नाही?

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. ड्रायव्हर "गाडी ओढत नाही" असा शेरा लिहून गाडी आत लावायचा, तेव्हा आमचे हेडमेकॅनिक पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. आधी गाडीत बसून चढावर न्यायची, मागच्या खिडकीतून धूर बघायचा, मग बोलायचं. डिझेल इंजिनला तीनच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसं डिझेल आणि ते पेटण्याइतका दाब. यातलं काय कमी पडतंय ते धूर सांगतो.

काळा धूर आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल येतंय पण ते जाळायला हवा नाही. एअर फिल्टर, टर्बो, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागापर्यंतचा) पाइप, धूर अडवून गाडी आवरणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकची अडकलेली फ्लॅप, डिझेल फवारणारा नोझल गळका, इकडे बघायचं.

पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, मागे गेलंय किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी आहे.

निळा म्हणजे ऑइल जळतंय.

आणि ओढही नाही, धूरही नाही, तर डिझेल पोचतच नाही. जळायलाच काही नसेल तर धूर कुठून येणार?

लायनर-पिस्टन खरोखर गेलं असेल तर थंडीच्या सकाळी एका सेल्फात गाडी उठत नाही. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या नळीतून भकाभका वाफ येते, ऑइल कमी होत राहतं. तुमच्या वर्णनात यातलं एकही नाही. इंजिन खोलू नका. एवढं मात्र आजच सांगतो.

यंत्रमित्र | २७ सप्टेंबर, दुपारी १.०५

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे नेमकं किती हरवलंय त्याचा अंदाज येईल.

१६१३ म्हणजे १६ टनांचा वर्ग आणि साधारण १३० हॉर्सपॉवर. भरलेली गाडी १६ टन धरू आणि चढ वीसाला एक. गाडी वर ढकलायला १६,००० भागिले २०, म्हणजे ८०० किलोचा जोर. टायर फिरवायला आणखी साधारण १३० किलो. एकूण ९३०. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याची ताकद.

२५ च्या वेगाला सेकंदाला ६.९ मीटर, म्हणजे चाकापाशी ८६ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये दहाएक टक्के जातात, म्हणून इंजिनपाशी ९५ च्या आसपास. १० च्या वेगाला हाच आकडा चाकापाशी ३४ आणि इंजिनपाशी ३८ येतो.

म्हणजे १३० च्या इंजिनातून चाळीसेक हॉर्सपॉवरच कामी येतायत. पिस्टनच्या रिंगा थोड्या झिजल्या म्हणून एवढी घट होत नाही, आणि एवढी झीज असती तर गाडी सकाळी उठलीच नसती. कुठेतरी मोठं पाणी मुरतंय. एकाच ठिकाणी असेल असंही नाही.

रेस चांगली लागते यावरही विसंबू नका. उभ्या गाडीत इंजिनला फक्त स्वतःला फिरवायचं असतं, त्याला डिझेल अगदी थोडं लागतं. नळी निम्मी तुंबलेली असली तरी तेवढं मिळतं. खरी भूक चढावरच कळते.

द्राक्षवेल | २७ सप्टेंबर, रात्री ८.४०

मी तासगावचा, आमची टाटा ७०९, लहान ट्रक आहे, द्राक्षाचे क्रेट आणि बेदाणा वाहतो. आमच्याही गाडीची ओढ गेली होती. एकाने टाकीत ओतायचं औषध दिलं, नोझल साफ होतात म्हणे. तीन बाटल्या ओतल्या, काही फरक नाही. शेवटी एअर क्लीनरच्या डब्यात पाहिलं तर आतली जाळी मातीने लिंपल्यासारखी झालेली. बागेतल्या रस्त्यांची धूळ. जाळी बदलली, गाडी सुटली. तुम्ही खाणीत जाता, लाल मातीची धूळ काय कमी असते का? ते आधी बघा.

यंत्रमित्र | २७ सप्टेंबर, रात्री ९.२०

द्राक्षवेल यांच्या मुद्द्याला जोड देतो. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. ६९७ हे ५,६७५ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन. टर्बोचा दाब सोडून दिला तरी २,००० आरपीएमला ते मिनिटाला साडेपाच हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. ही सगळी हवा त्या एका जाळीतून जाते. फिल्टर झटकून परत बसवणं हा तोटा आहे. कॉम्प्रेसरने जोरात हवा मारली तर कागदाला बारीक छिद्रं पडतात, मग धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर आणि लायनरवर जाते.

मिरज_पंपरूम | २८ सप्टेंबर, सकाळी ११.३०

पंप आणि नोझलचं काम करतो, म्हणून पंपाबद्दल बोलतो.

सील तोडून डिझेल वाढवलं हे वाचून वाईट वाटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पंपाकडे येणारं डिझेलच कमी असेल तर पंपाचा स्क्रू फिरवून काय होणार? विहिरीत पाणी नसताना मोटार मोठी बसवल्यासारखं आहे ते. वर एक धोका शिल्लक राहतो. ज्या दिवशी डिझेल नीट यायला लागेल त्या दिवशी ते प्रमाणापेक्षा जास्त जाईल. एक्झॉस्ट भयंकर तापतं, टर्बो आणि पिस्टनचा माथा दोन्ही जातात. न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. दांडी काढून ऑइलचा वास घ्या. डिझेलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइल तातडीने बदला.

आता तपासणी. टाकी ते पंप हा रस्ता असा : टाकीतली सक्शन नळी आणि तिच्या टोकाची जाळी, तिथून नळी, पाणी वेगळं करणारी वाटी, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि त्यातली बारीक जाळी, मग डिझेल फिल्टर, मग मुख्य पंप. तुंबायच्या जागा भरपूर आहेत. फिल्टर सगळे बदलतात. फीड पंपाची जाळी निम्म्या लोकांना माहीत नसते आणि टाकीतली जाळी तर कुणीच बघत नाही.

पहिली परीक्षा फुकटची. ओढ गेली की टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सुधारली तर टाकीचा हवेचा श्वास बंद आहे.

दुसरी परीक्षा कॅनची. स्वच्छ वीस लिटरचा कॅन घ्या, त्यात चाळलेलं डिझेल. टाकीची नळी सोडून फीड पंपाला नवी नळी लावा, तिचं टोक कॅनमध्ये. उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची नळी पण कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता टाकीत रिकामा होईल. कॅन टाकीच्याच उंचीला चांगला आवळून बांधा. बरेच जण तो वर ठेवतात आणि फसतात, कारण वरून डिझेल आपोआप उतरतं आणि अशक्त फीड पंपसुद्धा पास होतो. सायलेन्सरपासून लांब ठेवा, केबिनमध्ये तर अजिबात नको. मग भरलेली गाडी चढावर न्या. ओढ आली तर दोष टाकीच्या बाजूला, नाही आली तर फीड पंपापासून पुढे.

सक्शनच्या बाजूला नळीला बारीक चीर असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात.

हे सगळं ठीक निघालं तर पंपाच्या गॅलरीचा, म्हणजे पंपात डिझेल साठतं त्या जागेचा दाब मोजावा लागेल, साधारण १ ते १.५ बार हवा. ओव्हरफ्लो वाल्वची स्प्रिंग मेली की तो दाब धरत नाही. ते माझ्यासारख्याकडे घेऊन या. आणि पंपाला बूस्टची, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब पोचवणारी बारीक नळी असेल तर ती तुटलीय का पाहून घ्या.

कोयनाकाठ | ३० सप्टेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गाडीखालीच होतो. काय झालं ते सांगतो.

क्लच ठीक आहे. हब बघितले तर मागचा डावा चांगलाच तापलेला, बाकीचे कोमट. ड्रम काढला, कॅम शाफ्ट गंजून आखडलेला होता. साफ करून, ग्रीस भरून बसवला. आता चाक जॅकवर मोकळं फिरतं.

एअर फिल्टर गेल्या मार्चमध्ये बदललेला, तरी काढून पाहिला. धूळ आहे पण तुंबलेला नाही. हंगाम सुरू होताना नवा टाकणारच आहे.

निवृत्त_फिटर काका, धुरासाठी भावाला मोटारसायकलवर मागे ठेवला. धूर जवळजवळ नाहीच! पूर्ण पाय दाबला तरी फिकट.

आणखी एक सापडलं. चुलतभावाला केबिनमध्ये बसवून पाय पूर्ण दाबायला सांगितला आणि मी पंपापाशी उभा राहिलो. पंपावरचा लिव्हर शेवटच्या थांब्याला टेकतच नाही, बोटभर आधी थांबतो. पेडलच्या दांड्याचे बुश झिजलेत. म्हणजे इतके दिवस मी पूर्ण पाय देतोय असं मला वाटत होतं आणि पंपाला तीन-चतुर्थांशच मिळत होता. बुश बदलून दांडा सेट केला.

उद्या कॅनची परीक्षा.

निवृत्त_फिटर | १ ऑक्टोबर, सकाळी ६.००

शाब्बास. लिव्हर थांब्याला टेकतो का हे बघायला एक मिनिट लागतं आणि ते कुणी बघत नाही. गॅरेजवाल्याने एप्रिलमध्ये एवढंच पाहिलं असतं तर पंपाचं सील शाबूत राहिलं असतं.

कोयनाकाठ | २ ऑक्टोबर, रात्री ११.००

कॅनची परीक्षा झाली. आठ टन खडी भरून मल्हारपेठच्या बाजूला चढावर नेली. मिरज_पंपरूम यांनी सांगितलं तसाच कॅन टाकीच्या उंचीला चेसिसला आवळून बांधला, रिटर्न पण त्यातच.

गाडी ओळखू येईना! तिसऱ्यावर घातली तर ढकलल्यासारखी वर गेली. आबा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, डॅशबोर्डवर फक्त दोनदा थाप मारली.

आज टाकी उतरवली. तळाशी चार बोटं काळा-तपकिरी चिखल, त्याला शेवाळासारखा बुळबुळीतपणा. वर पाणी आणि गंजाची खपली. सक्शनच्या जाळीवर त्याचा थर बसलेला. जाळीतून फुंकर मारली तर हवा जाईना. फीड पंपाच्या जाळीतही तेच, तांदळाएवढे गंजाचे दाणे.

पण एक अडचण उभी राहिली. ओढ आली तशी मागे काळ्या धुराची शेपटी सुटते. भाऊ म्हणाला, मोटारसायकल मागे ठेवता येत नव्हती.

मिरज_पंपरूम | ३ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

हेच होणार होतं. डिझेल आता पोचतंय आणि पंपाचा स्क्रू एप्रिलपासून वाढवलेलाच आहे. भरून घाट चढवू नका, आधी पंप घेऊन या. बेंचवर लावून सहाही एलिमेंटचं (दर सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागाचं) डिझेल कंपनीच्या आकड्याला आणतो. नोझल पण काढून आणा, उघडायचा दाब आणि फवारा बघू. परत बसवताना नोझलखाली तांब्याचा वॉशर नवा टाका आणि एकच टाका. जुना आत चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, मग नोझल वर उचलला जातो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. हे फार वेळा बघितलंय.

यंत्रमित्र | ३ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

पीयूसीच्या दृष्टीनेही हे लागणारच होतं. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर किती दाट ते मोजायचं एकक) आहे. काळी शेपटी सुटणारी गाडी त्यात बसत नाही, आणि इतक्या वर्षांच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं.

धुराचं खापर एकट्या पंपावर फोडू नका मात्र. हवेची बाजू राहिलीय. तुमच्या गाडीला टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर नसावा, टर्बोतून हवा थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. तो रबरी जोड खालच्या बाजूने चाचपून बघा. चीर बहुतेक खालीच असते, इंजिन उभं असताना ती मिटलेली असते आणि दाब आला की उघडते. चढावर शीळ ऐकू येते का?

घाटवाट | ३ ऑक्टोबर, रात्री ९.००

जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचं असेल तर नुसत्या रेसवर नीट कळत नाही. त्यापेक्षा काजळीचा डाग शोधा. जिथून हवा फुटते तिथं तेलकट काळा फराटा उमटलेला असतो.

टर्बोचा पंखा पण हाताने हलवून बघा, इंजिन बंद आणि थंड असताना. बाजूला किंचित हलला तर चालतं, पुढेमागे खेळायला नको, घराला घासायला तर नकोच. तो लाखाच्या आसपास आरपीएमने फिरतो, घासला की संपला. घाट चढून आल्या आल्या गाडी बंद करू नका, दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा. ऑइल बंद पडलं की त्याचं बेअरिंग जळतं.

द्राक्षवेल | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

टाकीत चिखल येतो कुठून? आम्ही तर चांगल्या पंपावरूनच डिझेल भरतो. आमची ७०९ पण पावसाळ्यात तीन महिने उभी असते, म्हणून विचारतो.

निवृत्त_फिटर | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.५५

द्राक्षवेल, अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळ्यात उभी केली की वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा राहते. रात्री पत्रा गार झाला की आतून घाम सुटतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं. पत्रा गंजतो, आणि पाणी व डिझेल जिथं भेटतात तिथं ते शेवाळ धरतं. पाटणचा पाऊस आणि वीस वर्षांची टाकी, दरवर्षी थोडं थोडं साचत गेलं. गाडी उभी करायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरा. महिन्याला खालचा प्लग सैल करून पेलाभर काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर वेगळं दिसतं. आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी दहा किलोमीटर फिरवा, ब्रेक पण आखडणार नाहीत.

कोयनाकाठ, टाकी नुसती धुऊ नका. गंज आत धरलेला असतो, तो सुटत राहतो आणि महिन्याभरात नवी जाळी भरते. परवडत असेल तर टाकी बदला.

आणि एक विनंती. पंप बसवताना टायमिंगची खूण बघून बसवा, काढायच्या आधी जुन्या खुणेवर छिन्नीची रेघ मारून ठेवा. कपलिंग एखाद-दुसरा दात चुकला तर पांढरा धूर आणि पुन्हा ओढ गायब, मग सगळ्यांना वाटेल पंपवाल्याने बिघडवलं.

कोयनाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. पंप आणि नोझल घेऊन मिरजेला गेलो होतो. मिरज_पंपरूम यांनी समोर बसवून दाखवलं, चहा पाजला आणि मजुरी ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. बेंचवर सहाही एलिमेंट ठरलेल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त डिझेल टाकत होते. ते खाली आणून नवं सील मारलं. सहापैकी दोन नोझल थेंब गाळत होते, त्यांच्या टिप्स बदलल्या. जुन्या वॉशरबद्दल सांगितलं होतं तसंच निघालं, चौथ्या सिलिंडरला दोन वॉशर एकावर एक.

यंत्रमित्र यांचा अंदाज पण बरोबर. टर्बोच्या जोडाला खालून बोटाच्या पेराएवढी चीर, भोवती काळा फराटा. नवा जोड आणि दोन नवे क्लॅम्प. टर्बोचा पंखा ठीक आहे.

टाकी नवी बसवली. ऑइलला डिझेलचा वास होता, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. एअर फिल्टर नवा.

सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या पाव भागापेक्षाही कमी लागलं, टाकी धरून.

घाटवाट | १३ ऑक्टोबर, रात्री ९.४५

घाटाचं सांगा हो!

कोयनाकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

खाणी अजून सगळ्या सुरू नाहीत, पण काल पहिली खेप मिळाली. साडेनऊ टन चिरा. पहाटे साडेपाचला पोफळी सोडली. तिसऱ्या गिअरवर घाट धरला, दोन वळणांना दुसरा टाकला, पहिला एकदाही नाही. काटा बावीस ते पंचवीस. मागच्या भावाला धूर विचारला तर म्हणाला, गिअर बदलताना जरा दिसतो, मग साफ. पाण्याचा काटा मध्याच्या किंचित वर. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा इंजिन तीन मिनिटं स्लोवर ठेवून बंद केलं, चारी हबजवळ हात नेले, सगळे सारखे.

डिझेल पण मोजलं. एप्रिलमध्ये भरून-रिकामी धरून लिटरला सव्वातीन पडत होतं, कालच्या खेपेला चारच्या थोडं वर पडलं. एकच खेप आहे, पाच-सहा झाल्या की नक्की सांगतो.

लायनर-पिस्टन टाकायला निघालो होतो. तुम्ही लोक नसता तर ते इंजिन आज खोलून पडलं असतं, टाकीतला चिखल तसाच राहिला असता आणि नव्या इंजिनालाही तेच डिझेल गेलं असतं. आबा म्हणाले, ज्या काकांनी पहिल्यांदा धूर विचारला त्यांना माझा नमस्कार सांग. सांगतोय.

एक राहिलंय. सकाळी गार असताना टॅपेटचा (वाल्व उघडणाऱ्या भागाचा) टकटक आवाज येतो, तापल्यावर कमी होतो. सेटिंग शेवटचं कधी केलं ते आठवत नाही. पुढच्या रविवारी करायचं म्हणतोय.

निवृत्त_फिटर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

आबांना माझाही नमस्कार.

टॅपेट करा, पण अंदाजाने नको. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, इनलेट आणि एक्झॉस्टचा गॅप वेगवेगळा असतो. इंजिनच्या पुस्तकात आकडा आहे, आणि तो गार इंजिनचा की गरमचा हेही तिथंच लिहिलेलं असतं, ते पाहून मगच करा. पुस्तक नसेल तर इंजिन नंबरची प्लेट बघून नेमकं मॉडेल इथं टाका, माझ्या वहीत असेल. रविवारी सकाळी मी मोकळा आहे.